बेटावरची डालगी

१४ सप्टेंबर २०२४, आइंडहोवन

येऊन तीन दिवस झाले, पण झोप अजून राहुरीतच आहे. दुपारी दोनला बसल्या जागी पेंगते. आज वही काढली. कृषी विद्यापीठात उंदीर-घुशींवर काम करताना एकतीस वर्षं फील्डबुक लिहायची सवय, निवृत्त झाल्यावरही हात शिवशिवतो.

विमानतळावर ऋता एकटीच आली होती. मी विचारलं, "अभिरामराव कुठेत?"

"युट्रेख्टला प्रोजेक्ट आहे त्याचा. सध्या तिथेच राहतो."

"शनिवार-रविवारीसुद्धा?"

"हो आई. तसलाच प्रोजेक्ट आहे."

जावई एवढे कामात आहेत म्हटल्यावर फोन करून त्रास कशाला द्यायचा, म्हणून मीही केला नाही. ऋता मात्र वाळलीय. मनगट धरलं तर माझी बोटं एकमेकांना टेकली. घर छान आहे, तिसऱ्या मजल्यावर, खाली कालवा दिसतो. माझ्या कपड्यांसाठी तिने अर्धं कपाट आधीच रिकामं करून ठेवलं होतं. एक हँगरसुद्धा मागे नाही. किती विचार करते पोर.

१८ सप्टेंबर

इथली कामाची पद्धत फार निवांत आहे. ऋता म्हणते, ती घरून काम करते. लॅपटॉप टेबलावर असतो, पण झाकण उघडलेलं मी अजून पाहिलं नाही. दर पंधरा दिवसांनी कंपनीचा डॉक्टर तिची विचारपूस करतो. आमच्या विद्यापीठात एवढी काळजी कोणी केली असती तर!

सकाळी आल्बर्ट हाइन नावाच्या किराणा दुकानात गेलो. दह्याच्या फडताळापुढे ती दहा मिनिटं नुसती उभी राहिली. मग म्हणाली, "तूच घे, मी बाहेर थांबते." चाळीस प्रकारचं दही मांडून ठेवलं तर माणूस गोंधळणारच.

२० सप्टेंबर

आज गंमत झाली.

चारचा चहा झाला की ऋता टीव्हीसमोर बसून एक खेळ खेळते. तेहेतीस वर्षांची इंजिनीयर आणि खेळ, म्हणून मी इतके दिवस तिकडे बघितलंच नव्हतं. आज भाजी निवडता निवडता नजर गेली. एक बेट आहे. जहाज फुटून किनाऱ्याला लागलेली एक बाई तिथे एकटी राहते. तिला भूक लागते, थंडी वाजते. मोठं जनावर मारण्याएवढी हत्यारं नाहीत, म्हणून ती लव्हाळ्याच्या काड्यांची टोपली विणते, काठीच्या टेकूवर तिरकी उभी करते, खाली आमिष ठेवते आणि निघून येते. प्राणी आत शिरला की टेकू पडतो, टोपली खाली. आपल्याकडे कोंबड्या झाकायचं डालगं असतं ना, तस्संच.

"तीन दिवसांत चिचुंद्रीसुद्धा सापडली नाही," ऋता स्वतःशीच पुटपुटली.

मला राहवलं नाही. "सापडणार कशी? तू रोज डालगं उचलून दुसरीकडे लावतेस."

"मग?"

"अगं, उंदीर, घूस, खार, सगळी नव्या वस्तूला भितात. डालगं एका जागी ठेव. पहिले तीन दिवस टेकू पक्का बांध, पडू देऊच नकोस. नुसतं खाऊ घाल. जनावर निर्धास्त झालं, की मग सापळा लाव."

"आई, तो प्रोग्राम आहे. त्याला भीतीबिती नसते."

"तुला काय माहीत? लिहिणाऱ्याने लिहिली असेल."

ती वळून माझ्याकडे बघत राहिली. मग हसली. मी आल्यापासून पहिल्यांदा. आणि ते बटणांचं यंत्र माझ्या हातात देऊन म्हणाली, "घे. दाखव करून."

२४ सप्टेंबर

अंगठे दुखतात. चालायचं बटण वेगळं, बघायचं वेगळं. पहिल्या दिवशी मी त्या बाईला चार वेळा समुद्रात घातलं. ऋता म्हणते, "आई, तू आकाशाकडे बघत चालतेस."

पण प्रयोग नीट मांडला आहे. एकूण सहा डालगी. तीन एका जागी पक्की, तीन रोज हलवायची. आमिष सगळीकडे सारखंच, रानबोरं. खेळातला एक दिवस म्हणजे आपला पाऊण तास. विशेष म्हणजे आपण टीव्ही बंद केला तरी बेटावर दिवस उजाडतो आणि मावळतो. ते जग कुठल्यातरी दूरच्या कॉम्प्युटरवर चालूच राहतं म्हणे. म्हणजे मी इथे पोळ्या लाटत असताना तिकडे खार माझ्या डालग्याभोवती फिरत असेल. हे मला फार आवडलं.

२८ सप्टेंबर

निकाल: पक्क्या डालग्यांत दोन खारी, एक ससा, एक लावा पक्षी. हलवलेल्यांत शून्य.

ऋता खुर्चीतून उठलीच. "खरंच की! कोणीतरी लिहिलंय हे!" मग इंटरनेटवर शोधत बसली, कुठल्याशा चर्चेत त्या खेळाच्या कर्त्यांपैकी एकाने तसं सांगितलेलं तिला सापडलं. प्राणी नवी टोपली टाळतो आणि सवय झाली की जवळ येतो. कोण असेल तो लिहिणारा? त्याने कधी उंदराला सापळ्याभोवती फिरताना पाहिलं असेल का?

लावा सोडून दिला. ऋता म्हणाली, "खायला हवाय आपल्याला." मी म्हटलं, बोरं खा.

३ ऑक्टोबर

एक कोडं पडलंय.

आज चारला बेटावर गेलो, तर दोन डालग्यांत आमिष आमचं नव्हतं. सुकवलेली अळंबी होती. आमच्याकडे अळंबी नाहीतच. ऋताने दोनदा वाळत घातली, दोन्ही वेळा कुजली. शिवाय बेटावरच्या आमच्या झोपडीच्या कुंपणापाशी मोडकं पडलेलं डालगं कोणीतरी नव्याने विणून ठेवलेलं.

"हे कोणी केलं?"

ऋताने त्या बाईला डालग्याभोवती एक फेरी मारायला लावली. "असेल गेममध्येच काहीतरी," म्हणाली, आणि आज लवकर बंद केलं. डोकं दुखतंय म्हणे.

मला नाही पटत. प्रोग्राम घाबरू शकतो, पण मोडकं डालगं दुरुस्त करतो हे जरा जास्तच झालं.

६ ऑक्टोबर, रविवार

शेतात किती उंदीर आहेत हे कळायला आम्ही सगळी बिळं चिखलाने बुजवायचो. दुसऱ्या दिवशी जेवढी उकरलेली दिसतील तेवढी जिवंत. तीच युक्ती केली. कुंपणाच्या फाटकाला आतून दगड लावला, झोपडीतल्या सामानाच्या पेटीतल्या वस्तू एका ठरावीक क्रमाने मांडल्या.

आज दगड बाजूला. पेटीतून काहीही गेलेलं नाही, उलट दोरीची भेंडोळी वाढली आहेत. म्हणजे चोर नाही. कामं करून जाणारा कोणीतरी आहे, तोही आम्ही नसताना.

ऋता आंघोळीला गेली तेव्हा मी एक लाकडी पाटी करून कुंपणामागे, ऋताच्या नजरेला पडणार नाही अशी रोवली. खेळात पाटीवर लिहिता येतं, पण इंग्रजी अक्षरांतच. एकेक अक्षर शोधत लिहिलं: "कोण आहे? मीनल."

७ ऑक्टोबर

उत्तर आलं! इंग्रजी अक्षरांत, पण मराठी.

"आई, तुम्ही?? डालगी तुम्ही लावताय? फारच छान. खारीला अक्रोड घालून बघा. ऋताला मी आलो होतो हे सांगू नका, प्लीज."

अभिरामराव! मला एवढं हसू आलं. जावई दिवसभर काम करून युट्रेख्टहून बेटावर येतात आणि बायकोची मोडकी डालगी विणून जातात. तिला चकित करायचं असणार. आजकालच्या मुलांची तऱ्हाच निराळी. मी मात्र शब्द पाळणार.

१५ ऑक्टोबर

पाटीवर आमचा पत्रव्यवहार चालू आहे. मी वाचते, पुसते, नवीन लिहिते. अक्रोडाचं खरं निघालं, एका दिवसात तीन खारी.

त्यांचे प्रश्न मात्र खारींबद्दल कमीच असतात. "ऋता नीट जेवते का?" "बाहेर फिरायला जाते का?" "झोपते का?" मी सगळं सविस्तर कळवते. काल लिहिलं, पालेभाजी ताटात तशीच टाकते. आणि आज नवल म्हणजे न सांगता मेथी संपवली, वर आणखी मागून घेतली. मुलांचं काही कळत नाही.

मी विचारलं होतं, "तुम्ही कधी येताय?" त्याचं उत्तर आलं नाही. त्या जागी लिहिलं होतं, "उत्तरेच्या खडकात साळिंदर आहे. कंद लावून बघा."

१९ ऑक्टोबर

साळिंदर डालग्यात मावत नाही. आमिष खातं आणि डालगं पाठीवर घेऊन चालू लागतं. मी आणि ऋता एवढ्या हसलो की तिला ठसका लागला. आज तिने तासभर माझ्याबरोबर कालव्याच्या कडेने फेरी मारली. परत येताना अचानक म्हणाली, "आई, तू तिथे काय काय लिहितेस वहीत?"

"उंदीर-घुशी, दुसरं काय."

"माझ्याबद्दल?"

"तुझ्याबद्दल काय लिहायचं, तू तर दिसतेसच."

ती दोन पावलं पुढे चालू लागली. मला वाटतं मी काहीतरी चुकीचं बोलले. काय ते अजून कळलं नाही.

२४ ऑक्टोबर

दिवाळी आठवड्यावर आली. एक तारखेला लक्ष्मीपूजन, दोनला पाडवा. पाडव्याला जावई घरी नाहीत म्हणजे काय? काल पाटीवर रीतसर आमंत्रण दिलं: "पाडव्याला दुपारी जेवायला या. चकल्या करणार आहे."

आज उत्तर: "आई, ऋताला विचारा."

मानापानाचे दिसतात. बायकोने बोलावल्याशिवाय यायचं नाही. आता शब्द मोडावा लागणार.

२५ ऑक्टोबर

लिहायला बसले आहे खरी.

सकाळी चकल्यांचा दुसरा घाणा काढताना ऋताला म्हटलं, "मी अभिरामरावांना पाडव्याला बोलावलंय. तूही एक फोन कर, त्यांना तेवढीच अपेक्षा आहे."

तिने हातातला झारा खाली ठेवला. "कुठे बोलावलंस?"

"पाटीवर. बेटावर येतात ते रोज. तुला चकित करायचं होतं म्हणून—"

"आई, तो इथे राहत नाही. मार्चपासून. प्रोजेक्ट वगैरे काही नाही. आम्ही वेगळे झालोय."

कढईतल्या चकल्या काळ्या पडत होत्या. मी गॅस बंद केला. इथे गॅस नाही, बटण आहे, ते दोनदा चुकलं.

मग ती एकदम सगळं बोलली. मे महिन्यापासून ती कामावर नाही. आजारी रजेवर आहे. इथे त्याला बर्नआउट म्हणतात. "डोकं चालतच नाही, आई. दोन ओळींचं पत्र वाचता येत नाही. कुठलं दही घ्यायचं ते ठरवता येत नाही. वर्षभर मी पहाटेपासून काम करत होते, त्याच्याशी एक शब्द बोलत नव्हते. तो म्हणाला, या घरात मला भिंतीशी राहिल्यासारखं वाटतं. आणि गेला."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू विमानतळावर काय विचारलंस? अभिरामराव कुठेत. मला मिठी मारायच्या आधी."

मी जळलेल्या चकल्या एकेक करून ताटात काढल्या.

२६ ऑक्टोबर

मला राग आला आहे. तो नेमका कशाचा, हे नीट लिहून ठेवलं पाहिजे.

वेगळे झाले याचा नाही. दुःख आहे, पण राग नाही. लपवलं याचा होता, कालपर्यंत. आज चहा पिताना वेगळंच लक्षात आलं. पंधरा-वीस दिवस मी माझ्या मुलीचं जेवणखाण, झोप, फिरणं, सगळं तिच्या पाठीमागे त्या पाटीवर मांडत होते, आणि मनात फुशारकी की मी शब्दाची पक्की. घर सोडून गेलेल्या माणसाला मी घरची बित्तंबातमी दिली. राग माझाच मला आहे.

तिला तसं सांगितलं. हात जोडायचे बाकी ठेवले.

"मला माहीत होतं, आई."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. सुकवलेली अळंबी त्यालाच जमते."

"आणि पाटी?"

"रोज वाचायचे. तू स्वयंपाक करत असताना."

मेथी! मी कपाळावर हात मारला. तीही किंचित हसली.

"बेट तुम्हा दोघांचं, त्याच्याकडेही तोच पासवर्ड. मग तो का नाही बदललास?"

तिने चकल्यांचा डबा घट्ट बंद केला आणि तो ठेवायला निघून गेली.

२ नोव्हेंबर, पाडवा

कोणी आलं नाही. आम्ही दोघींनीच एकमेकींना ओवाळलं. ऋताने माझ्या हातावर एक नवीन वही ठेवली.

बेटावर आठवडाभर गेलो नव्हतो. आज चारला तिने टीव्ही लावला. डालग्यांत ताजं आमिष होतं, पाटीवर माझंच आमंत्रण, खाली त्यांचं तेवढंच उत्तर. मी म्हटलं, "हे माझ्याकडून पुसलं जाणार नाही."

"तू नको पुसूस." तिने यंत्र घेतलं. पाच मिनिटं नुसतं धरून बसली. मी कोथिंबीर निवडायला घेतली, कारण तिच्याकडे बघत बसले असते तर तिने खाली ठेवलं असतं. शेवटी तिने लिहिलं: "दहा तारखेला रविवारी ये. घरी. बोलू. ऋता."

१० नोव्हेंबर, रविवार

आज बरंच लिहायचं आहे.

अभिराम अकराला येणार होते. मी दहा वाजून पन्नास मिनिटांनी कोट चढवला. माझ्या मनात काय होतं ते लपवत नाही: दोघांना एकटं सोडलं तर जुळेल. आणि मी घरात राहिले तर मध्ये बोलेन, याचीही खात्री होती.

कालव्याच्या कडेने चालत राहिले. धुकं होतं. वळणावर एका बाईने लहान गाडी थांबवलेली, छातीपर्यंत येणारी रबरी विजार घालून ती काठावरून पाण्यात उतरत होती. पाण्यात एक फळकुट तरंगत होतं आणि त्यावर जाळीचा पिंजरा. पिंजऱ्यात गाजरं.

मी तिथेच थांबले.

इंग्रजीत विचारलं, "यात काय पकडता?" वॉटरस्खाप म्हणून इथे पाणी सांभाळणारं खातं आहे, त्यातली ती कर्मचारी. पाण्यात राहणाऱ्या मोठाल्या घुशी असतात, त्या बांधाच्या पोटात बिळं करतात. या देशाचा निम्मा भाग बांधांच्या भरवशावर उभा, त्यामुळे घूस म्हणजे थट्टा नाही. मी म्हटलं, मी एकतीस वर्षं उंदरांवर काम केलंय. तिने हातमोजा काढून माझा हात हातात घेतला.

मग काय विचारता! तिने बिळाचं तोंड कसं ओळखायचं ते दाखवलं, पाण्याखाली, गढूळ रेघेवरून. मी तिला ऊस आणि भुईमुगातल्या बिळांचं सांगितलं. मी विचारलं, "पिंजरा पहिल्या दिवशीच लावता?"

"नाही नाही," ती म्हणाली, "दार बांधून ठेवते. आधी काही दिवस नुसती गाजरं."

हजारो मैलांवर, वेगळं जनावर, वेगळी बाई, आणि तीच पद्धत! मला तिला मिठी मारावीशी वाटली. मारली नाही, ती भिजलेली होती.

घड्याळ बघितलं तर एक वाजला होता. लाज वाटली. माझ्या मुलीच्या संसाराचा निकाल लागत होता आणि मी दोन तास घुशींत रमले होते. धावतपळत आले.

दार उघडलं तर दोघं ओट्याशी उभी. ऋता कप विसळत होती, अभिराम पुसत होते. दोघांचे डोळे लाल, पण चेहरे हलके. मला वाटलं, जुळलं. देवाचे आभार मानायला तोंड उघडणार, तेवढ्यात ऋता म्हणाली, "आई, बस जरा. आम्ही घटस्फोट घ्यायचं ठरवलंय."

मी बसले.

"भांडून नाही," ती म्हणाली. "आज नीट बोललो. वर्षभरात पहिल्यांदाच एवढं बोललो."

अभिराम फडकं हातात तसंच धरून म्हणाले, "चूक तिची नाही, आई. ती आजारी पडत होती आणि मला वाटलं, माझ्यावर रागावलीय. मी विचारायला हवं होतं. मी निघून गेलो. आता परत यायचं म्हटलं तर ती सारखी बघत राहणार, हा पुन्हा कधी जातो. ते मला तिच्यावर लादायचं नाहीये."

"आणि मला आता कोणासाठीच बरं व्हायचं नाहीये," ऋता म्हणाली. "माझ्यासाठी व्हायचंय."

अभिरामनी फडकं ठेवलं आणि वाकून मला नमस्कार केला. 'सुखाने नांदा' ओठांपर्यंत आलं, ते गिळलं. 'यशस्वी व्हा' म्हणजे कशात? अशा वेळी काय आशीर्वाद द्यायचा असतो, हे आम्हाला कोणी शिकवलंच नाही. त्यांच्या पाठीवर हात तसाच राहिला. शर्टातून त्यांची हाडं हाताला लागत होती. तेही वाळलेत.

"जेवून जा," मी म्हटलं.

वरण, भात, बटाट्याची भाजी होती. तिघं जेवायला बसलो. मी पिंजऱ्याचं सांगितलं, रबरी विजारीतल्या बाईचं, गाजरांचं. अभिराम खायचे थांबले. "म्हणजे खरोखर दार बांधून ठेवते?" ऋता म्हणाली, "आई, तू दोन तास तिकडे होतीस?" आणि हसायला लागली, मग तेही. मीही हसले. पदर डोळ्याला लावला तो हसूनच, असं दोघांनी मानलं.

पावणेतीनच्या गाडीने ते गेले.

२९ नोव्हेंबर

काल ऋता पहिल्यांदा ऑफिसला गेली. फक्त दोन तास, कंपनीच्या डॉक्टरांच्या सल्ल्याने. परत आली ती कोट न काढताच सोफ्यावर झोपली. उठल्यावर म्हणाली, "एक मेल लिहिला. पूर्ण." मी गोडाचा शिरा केला. राहुरीला माझ्या बहिणीला घटस्फोटाचं फोनवर तिनेच सांगितलं. मी मध्ये एक शब्द बोलले नाही, हे मुद्दाम नोंदवते.

आज अभिराम येऊन गेले. घरातल्या वस्तूंची यादी करायची होती. दोघांनी टेबलावर बसून एकेक गोष्ट लिहिली. सोफा हिचा, पुस्तकांची मांडणी त्यांची, मोठा कुकर त्यांचा, टीव्ही हिचा. एका लोणच्याच्या बरणीवरून दहा मिनिटं तू घे, तू घे चाललं. शेवटी ती माझ्याकडे आली. पडदे, पंखा, छत्र्यासुद्धा लिहिल्या. मग दोघांनी यादी वरपासून खालपर्यंत दोनदा वाचली आणि सही केली.

दोघांच्या बेटाचा मात्र त्यात कुठेच उल्लेख नाही. एवढी हुशार मुलं, पण गडबडीत विसरली असतील. मी काही आठवण करून दिली नाही.